चुली तीन, कार्ड एक

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली. रेशनकार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत. पूर्वी बहुतेकांना ही मर्यादा दीड लाख होती. घोषणा मोठी आहे आणि खोटी नाही. योजना मुळात जुनी: नांदेड तिच्यात २०१२ साली पहिल्याच टप्प्यात आलं, लातूर पुढच्या वर्षी. या योजनेतून हृदयाची शस्त्रक्रिया झालेली माणसं आज इकडे गावोगाव भेटतात. एरवी त्यासाठी वावर विकावं लागलं असतं.

पण लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या शेतकऱ्याच्या पदरात नवं काय पडलं? पांढऱ्या कार्डाचा शेतकरी इथे आधीच योजनेत होता, कारण लातूर आणि नांदेड शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत मोडतात. त्याच्यासाठी वाढली ती मर्यादा. आणि गाडं मर्यादेपाशी क्वचितच अडतं.

ते अडतं लातूरच्या दवाखान्यात, योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी. तो कार्ड मागतो. म्हातारी राहते धाकट्याकडे, नाव थोरल्याच्या कार्डावर. सुनेचं नाव माहेरी कमी झालेलं, सासरी चढायचं राहिलेलं. नाव चढवायचं तर औशाला तहसीलच्या पुरवठा शाखेत जा. पेशंट तोवर खाटेवर. तीन भाऊ वेगळे निघाले, तीन चुली झाल्या, पण कार्ड अजून बापाच्या नावाचं एकच असेल तर ५ लाखही तिघांच्या संसारात मिळून एकदाच.

किल्लारीला कागदावरचं हे कुटुंब नवं नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर सरकारनं घरं बांधून दिली ती जमिनीच्या मापानं. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. घरात खाणारी तोंडं किती, हा हिशेब त्या मापात नव्हता. ज्याला शेत कमी त्याची माणसंही कमी, असं बहुधा फायलीला वाटलं असावं.

दुसरी गोम अशी की योजना सुरू होते ती भरती झाल्यावर. बीपी-शुगरची रोजची गोळी तिच्यात बसत नाही. सुटी झाल्यावरची औषधं मिळतात १० दिवस. अकराव्या दिवशी मेडिकल आणि आपला खिसा. मजुरी बुडाली की गोळी बंद, आणि एके दिवशी लकवा. मग मात्र हीच योजना हजारोंचं बिल भरायला तयार. आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३पासून केसपेपरचेही पैसे घेत नाहीत, हे मान्य. पण ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी अजून हद्दपार झालेली नाही.

उद्या कोणी ५चे १० लाख करा म्हणेल, टाळ्याही पडतील. त्याआधी दोन कामं करावीत. किल्लारीच्या ग्रामीण रुग्णालयात बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या एकदम द्याव्यात, दर महिन्याला, न चुकता. आणि कार्डावर नाव चढवण्याचा अधिकार दवाखान्यातल्या त्या टेबलावरच द्यावा. पुरवठा शाखेचा शिक्का मागाहून आला तरी चालेल.