चाल कुणाची, गळा कुणाचा?

नंदू भेंडे यांचे निधन एप्रिल २०१४ मध्ये झाले. त्याला आता दहा वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्यांचे नाव निघाले की मालाडमध्ये राहणाऱ्या आमच्यासारख्या मंडळींत ठरलेला वाद ठरलेल्या क्रमाने सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, हा आपल्याकडचा आद्य रॉक गायक. याच्यामुळे पुढच्यांना धीर आला. दुसरा म्हणतो, गळा उत्तम, पण गायिली ती परक्यांची गाणी. नक्कल करणाऱ्याचा कसला आला वारसा? तिसरा पक्ष मराठी नाट्यरसिकांचा. त्यांच्या लेखी ते आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव; वडिलांनी बबन प्रभूंबरोबर फार्स गाजवले, मुलगा 'वेस्टर्न'कडे वळला, एवढ्यावर विषय संपतो.

आमचे म्हणणे असे की हे तिन्ही पक्ष चुकीच्या मापाने मोजत आहेत. आणि हा केवळ चाहत्यांचा हट्ट असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण या मापाच्या चुकीत मराठी नाटकाच्या इतिहासाचे एक पान हातातून निसटते आहे.

प्रथम नकलेचा आरोप घेऊ. भेंडे यांचे नाव झाले ते अलेक पदमसी यांनी मुंबईत सत्तरच्या दशकात केलेल्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मधील ज्यूडासमुळे. शब्द टिम राइस यांचे, संगीत अँड्र्यू लॉइड वेबर यांचे, भाषा इंग्रजी. आरोप करणारे इथेच थांबतात. हाच न्याय आम्ही मराठी संगीत नाटकाला लावून पाहू. जुन्या संगीत नाटकांच्या छापील प्रती उघडा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द आणि त्यापुढे कुठल्या तरी आधीच्या गाण्याचे नाव दिसते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या 'शाकुंतल'ने कीर्तनातल्या साक्या-दिंड्या घेतल्या, कानडी चाली घेतल्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'वीरतनय'मध्ये पारशी रंगभूमीवरच्या चाली आणल्या. 'मानापमान' (१९११) आणि 'स्वयंवर' (१९१६) यांतील पदांमागे ठुमऱ्या आणि ख्यालाच्या बंदिशी उभ्या आहेत. म्हणून बालगंधर्वांचा वारसा शून्य, असे कुणी म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही. तिथे आपण चाल कुणाची हे विचारत नाही. गळ्याने तिचे काय केले हे विचारतो. मग भेंडे यांच्या वाट्याला वेगळा कायदा का?

यावर एक सयुक्तिक आक्षेप येतो. नाट्यपदात चाल उसनी असली तरी शब्द मराठी होते; 'सुपरस्टार'मध्ये शब्दही आपले नव्हते. आक्षेप बरोबर आहे. म्हणूनच आम्ही म्हणतो की हिशेब 'सुपरस्टार'वर मांडूच नये. चाहत्यांनी जिथे मखर उभारले आहे तिथे देव नाही. 'डिस्को डान्सर' (१९८२) या चित्रपटातील कृष्णाला साद घालणारे त्यांचे गाणे घराघरांत पोचले, पण खरा हिशेब तिथेही होत नाही. तो होतो १९७८ साली पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीने रंगमंचावर आणलेल्या, जब्बार पटेल दिग्दर्शित 'तीन पैशाचा तमाशा'मध्ये.

या नाटकाची वंशावळ साहित्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. जॉन गे यांचा 'द बेगर्स ऑपेरा' १७२८ चा, त्यावरून ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचा 'थ्रीपेनी ऑपेरा' १९२८ चा, त्यावरून पु. ल. देशपांडे यांचे मराठी नाटक. पण या वंशावळीतील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. गे यांनी आपली बहुतेक गाणी लोकांच्या ओठांवर आधीच असलेल्या चालींवर रचली होती. म्हणजे हे घराणेच मुळात उसन्या चालींचे आहे. रस्त्यावर जे ऐकू येते ते उचलायचे, त्यात नवे आणि बोचरे शब्द भरायचे, आणि प्रतिष्ठितांना त्यांच्याच आवडत्या सुरात टोचायचे, ही त्याची रीत. सत्तरीच्या अखेरीस मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर जे ऐकू येत होते त्यात लावणी होती, नाट्यगीत होते, फिल्मी गाणे होते आणि रॉकही होते. 'तमाशा'च्या संगीताने या सगळ्यांना एका मंचावर आणले. त्यात रॉकचा गळा नंदू भेंडे यांचा होता.

हे काम वाटते तितके सोपे नाही. इंग्रजी शब्दात आघात असतो आणि रॉकचा ठोका त्या आघातावर बसतो. मराठी शब्दाला तसा ठळक आघात नाही; आपली लय ऱ्हस्व-दीर्घावर, मात्रांवर चालते. शिवाय आपले वाक्य क्रियापदाशी संपते. ठोका जोरात पडावा त्या जागी पुष्कळदा 'आहे' आणि 'होते' उभे असतात. ठोका सांभाळायला जावे तर भाषा परकी वाटते, भाषा सांभाळावी तर ठोका ढिला पडतो. पु. ल. स्वतः संगीतकार आणि पेटीवादक असल्यामुळे शब्द रचताना ही अडचण त्यांना उमगली असणारच. पण कागदावर सुटलेली अडचण मंचावर गळ्याला पुन्हा सोडवावी लागते. मराठी वाक्य रॉकच्या आवाजात गाता येते, आणि तरी ते मराठीच राहते, याचा पुरावा भेंडे यांनी दिला. गुळगुळीत आलापीपेक्षा शाहिराच्या चढ्या, खरबरीत आवाजाला तो अधिक जवळचा होता. आणि नाटकाच्या नावातच तमाशा आहे, हे विसरू नये.

कुणी विचारील, मग पुढे मराठी रॉकची परंपरा का झाली नाही? प्रश्न रास्त आहे. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक'साठी उपनगरांतली मराठी मुले मरीन लाइन्सला उतरून धोबीतलावच्या रंगभवनात जात. गात मात्र इंग्रजीतून. 'रॉक मशीन'सारख्या मुंबईच्या बँडने पुढे स्वतःची गाणी रचली, तीही इंग्रजीतच. दार उघडून दिलेले असताना कुणी आत गेले नाही, तर दोष दाराचा नव्हे. रॉकवाल्यांना मराठी नाटक ठाऊक नव्हते आणि नाटकवाल्यांना रॉक हे श्रीमंत पोरांचे खूळ वाटत होते. दोघांच्या मधली भिंत दोघांनीच राखली.

या भिंतीचे हसू येते ते फ्रेडी मर्क्युरीचा विषय निघाला की. फारुख बुलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथे त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, हे खरेच. २०१८ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' चित्रपटानंतर तर तो 'आपलाच' असल्याचा साक्षात्कार पुष्कळांना झाला. शाळेच्या आठ-नऊ वर्षांवर आपण एवढा हक्क सांगतो. आणि ज्याने आपल्या भाषेत, आपल्या रंगमंचावर, आपल्या लेखकाचे शब्द गायिले त्याला 'परक्यांची गाणी गाणारा' म्हणतो. लंडनने शिक्का मारला की आपला, नाही मारला तर नकलाकार. प्रभाव मोजण्याची ही पद्धत गुलामीची आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

शुद्धतेचा हा आग्रह निदान मालाडच्या मातीत तरी शोभत नाही. इथेच १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी 'बॉम्बे टॉकीज' उभी केली. दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन जर्मन, छायाचित्रकार योसेफ विर्शिंग जर्मन, संगीत पारशी घरातल्या सरस्वतीदेवींचे. त्यातून १९३६ चा 'अछूत कन्या' झाला. त्याला कुणी जर्मन चित्रपट म्हणत नाही.

राहता राहिला प्रश्न आपल्या वर्गांचा. 'तीन पैशाचा तमाशा' आपण संहिता म्हणून शिकवतो, रूपांतराचे तक्ते काढतो, ब्रेख्तच्या दुराव्याच्या तत्त्वावर टिपणे देतो. पण गाणी कुणी गायिली, कोणत्या ढंगात गायिली, आणि एकाच नाटकात ढंग का बदलत गेले, हे विचारत नाही. ज्या नाटकाचा अर्थच गाण्यांच्या ढंगांत आहे ते मुके करून शिकवणे हा अभ्यास नव्हे. पहिले प्रयोग पाहिलेली, त्यांत वाजवलेली, गायिलेली माणसे आता वयस्क झाली आहेत. काही जण गेलेही. नंदू भेंडे मोठे की लहान हा वाद चाहत्यांनी खुशाल चालू ठेवावा. आपण त्या माणसांकडे जाऊन त्यांच्या आठवणी नोंदवून घ्याव्यात. एवढे काम तरी आपले आहे आणि त्याला वेळ थोडा उरला आहे.