गळ्याची कसरत बंद करा!

आजकाल लोक गाणं ऐकत नाहीत, बघतात. गळा किती उंच चढला, वर किती वेळ लटकला, उतरताना किती गिरक्या मारल्या, संपलं. डोंबाऱ्याची पोर दोरीवरनं चालते तेव्हा माणसं असाच श्वास रोखून बघतात. फरक एवढाच की ती पोर पोटासाठी चढते आणि पडली तर मोडते. हे चॅनेलवरचे डोंबारी पडले तरी पुढच्या महिन्यात दुबईत कार्यक्रम करतात.

कुणी म्हणेल, तू गोदीतला हमाल, मॅट्रिक झालेला, तुला गाण्यातलं काय कळतं? बरोबर आहे. मला राग ओळखता येत नाही. ताल मात्र कळतो, कारण तो आमच्या खांद्यात असतो. जड माल सरकवायचा असला की टोळीतला एक जण पुकारा देतो आणि बाकीचे 'हैश्शा' म्हणून जोर लावतात. पुकारा अर्धा श्वास मागंपुढं झाला तर कुणाची तरी बोटं जातात. तिथं मुरकी चालत नाही. आवाज कशासाठी आहे हे तिथं प्रत्येकाला ठाऊक असतं. मी गाण्याला हाच एक प्रश्न विचारतो : आवाज कशासाठी?

'सा रे ग म' १९९५ साली टीव्हीवर आलं. 'इंडियन आयडॉल' २००४ साली. आमची अख्खी पिढी यावर पोसली. आता स्पर्धा म्हटली की मार्क आले. मार्क कशाला देणार? जे मोजता येतं त्याला. पट्टी किती वरची, तान किती जलद, दम किती सेकंद. काळीज मोजायची पट्टी कुठल्या दुकानात मिळते? ती नसते, म्हणून काळीज हिशोबातनं बाद. मग पोरं काय शिकणार? जे मोजलं जातं तेच शिकणार. 'आई' या शब्दावर अकरा वळणं घेणारा पोरगा पहिला येतो. आई त्या अकरा वळणांत कुठंतरी चिरडून मेलेली असते, तिचा पंचनामा कुणी करत नाही.

आणि भावनेचं काय, असं विचारलंत तर तीही ठेवलीय त्यांनी. गाण्याआधी. बापाची रिक्षा दाखवतात, आईची धुणीभांडी दाखवतात, गळकं पत्र्याचं घर दाखवतात. मागं बासरी वाजते. परीक्षक रुमाल काढतो. मग गाणं सुरू होतं, आणि त्या गाण्यात त्या पत्र्याचा, त्या रिक्षाचा एक शब्द नसतो! आमची गरिबी त्यांना प्रस्तावना म्हणून चालते, गाणं म्हणून चालत नाही. हुंदक्याचीही आता हरकत झालीय. कुठं आवाज फाटल्यासारखा करायचा, कुठं श्वास मोठ्यानं घ्यायचा, हे शिकवलं जातं. म्हणून मी 'डोळ्यांत पाणी आलं म्हणजे भाव' असं म्हणत नाही. पाणी कांद्यानंही येतं.

आता उलट बाजूनं कुणी ओरडायच्या आत सांगतो. मी तयारीच्या विरोधात नाही. बेसूर ओरडणं म्हणजे क्रांती, असली भंकस मला मंजूर नाही. विठ्ठल उमपांचा गळा भल्याभल्यांना घाम फोडील असा होता. द्रौपदीच्या मनात कर्ण येतो ती 'जांभूळ आख्याना'तली गोष्ट त्यांनी उभी केली, तेव्हा तो सगळा गळा त्या बाईच्या मनाला जुंपलेला होता. २०१० साली नागपूरला, ऐन मंचावर हा माणूस कोसळला. गळा होता, पण गळ्याचा माज नव्हता. पलीकडं अमेरिकेत काळ्यांच्या चर्चमध्ये एका शब्दावर दहा सूर फिरवायची रीत आहे. ती गुलामीतनं आलेल्या माणसांची रीत, एका शब्दात न मावणारं दुःख दहा सुरांत सांडायची. बाजारानं सूर उचलले आणि दुःख मागं टाकून दिलं. दोष सुरांचा नाही, चोरीचा आहे.

त्याच अमेरिकेतली बिली हॉलिडे घ्या. आपल्या पँथरनं १९७२ साली ज्यांचं नाव उचललं त्या काळ्या माणसांतलीच ती. गळा लहान, पट्टी थोडकी. आजच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत बाद झाली असती. झाडाला लटकावलेल्या काळ्या देहांवरचं 'स्ट्रेंज फ्रूट' ती १९३९ साली गायला लागली. लिहिलं होतं एबल मीरोपोल नावाच्या ज्यू मास्तरानं. तिच्या मोठ्या कंपनीनं रेकॉर्ड काढायला नकार दिला, कमोडोर नावाच्या छोट्या कंपनीनं ती काढली. न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटीत ती हे गाणं शेवटी गायची. दिवे मालवायचे, फक्त तोंडावर उजेड, गाणं झालं की काळोख. वन्समोअर नाही. फाशीला वन्समोअर कसला? आता मला सांगा, २००६ च्या खैरलांजीवर कुणी गाणं म्हटलं आणि मधेच टाळीसाठी तान मारली, तर तुम्ही टाळी वाजवाल की त्याच्या हातातला माईक काढून घ्याल?

आपल्याकडं तलत महमूद होता. आवाजात कंप. तो स्वतःच तो लपवायला बघायचा. अनिल बिस्वासनं सांगितलं, हाच तुझा ऐवज आहे. 'आरझू'चं गाणं १९५० साली आलं आणि त्या कंपावर देश भाळला. आज तो कंप यंत्र पुसून टाकील. १९९७ साली ऑटोट्यून नावाचं यंत्र बाजारात आलं, वाकडा सूर सरळ करणारं. त्याच १९९७ साली, ११ जुलैला, घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, त्यात आपली दहा माणसं मेली. ते बघून आलेल्या विलास घोगरेनं चार दिवसांत गळफास घेतला. सूर सरळ करायचं यंत्र निघालं त्या साली आमचा एक गाणारा हे वाकडं जग सहन न होऊन गेला. त्याचं मरण मला मखरात बसवायचं नाही. त्यानं जगायला हवं होतं, गायला हवं होतं. पण तो ज्यावर गायचा ते त्याला घरी गेल्यावरही सोडत नव्हतं, एवढं तरी ध्यानात घ्या.

या प्रस्थापितांचं नाक मोठं तिखट. आमचा शाहीर गायला की 'ओरडतो'. त्यांचा गवई एकाच ओळीवर अर्धा तास बसला की 'समाधी'. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज मोकळा, खडा. मंगळवेढ्याचे ते. त्याच मंगळवेढ्याच्या चोखोबाला विठ्ठलाच्या देवळात पाय ठेवता आला नाही, आणि आमच्या माणसांसाठी ते दार १९४७ साली उघडलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसल्यावर. त्या विठ्ठलाची गाणी आज सगळ्या जातींच्या घरांत सकाळी वाजतात ती प्रल्हाद शिंद्यांच्या गळ्यातनं. देवळानं अडवलेला आवाज देवघरात शिरला. कुठल्या तानेच्या जोरावर? तान नाही, दोस्तहो. आतनं येणारं खरेपण जात विचारत थांबत नाही.

पण आज मला जास्त राग आपल्याच मांडवाचा आहे. चौदा एप्रिलला जाऊन बघा. भिंतीएवढे स्पीकर, छाती फुटेल असा बेस. गायक 'भीम' हे एकच अक्षर पाच मिनिटं खेचतो, खालून नोटा उधळल्या जातात, तो आणखी खेचतो. भीम काय म्हणाला हे गाण्यात येईपर्यंत नोटा संपलेल्या असतात. याला जयंती म्हणायचं की दौलतजादा?

आमच्या आज्या शाळेत गेल्या नव्हत्या. महाडचं तळं, काळाराम मंदिर, धर्मांतर, घटना हे त्यांना कुणी शिकवलं? जलशानं. भीमराव कर्डकांनी, गावोगाव फिरणाऱ्या गायन पार्ट्यांनी. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक, जन्म १९२२, मुंबईत मोठेपणी दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकले आणि मग हजारो गाणी लिहून त्यांनी अडाण्यांना शहाणं केलं. १९७८ पासून १९९४ पर्यंत, सोळा वर्षं, नामांतराचा लढा चालला; त्यातली माणसं आमच्यापर्यंत गाण्यांतनंच आली. गाणं ही आमची रात्रशाळा होती. शब्द ऐकू आला नाही की ती शाळा बंद पडते. म्हणून हा आवडीनिवडीचा मामला नाही. तानेखाली शब्द गाडणारा आपला गायक आपल्याच शाळेला टाळं लावतोय, आणि आपण त्याच्यावर नोटा फेकतोय.

आमच्या वस्तीत एका कार्यक्रमात एक म्हातारी बाई गायली. पट्टी नाही, पेटी नाही, हातात नुसते टाळ. बाबासाहेब गेल्याच्या रात्रीचं गाणं, तिच्या आईनं रचलेलं. आवाज तीनदा चिरकला. व्यासपीठावरचा एक संगीतवाला पाहुणा शेजारच्याला म्हणाला, "सूर कच्चा आहे." मांडवात पोरंसोरं गप्प झाली होती, रस्त्यावरचा भाजीवाला गाडी थांबवून उभा होता, आणि याला सूर कच्चा लागला! साहेब, सूर कच्चा असेल. तुमचा कान पिकलाय.

माझी पारख साधी आहे. गाणं संपल्यावर माणसं कशाबद्दल बोलतात? 'काय गळा आहे' म्हणाली तर गाणं फुकट गेलं. त्या गाण्यातल्या माणसाबद्दल, त्या अन्यायाबद्दल, आपण आता काय करायचं याबद्दल बोलली तर गाणं झालं. ही पारख मी शाहिराला लावतो, कव्वालाला लावतो, चॅनेलवरच्या पोराला लावतो. आमच्या कवितेलाही लावा. ती पण हल्ली शब्दांच्या कोलांट्या मारायला शिकलीय.

मंडळवाल्यांनो, पुढच्या जयंतीला अर्धे स्पीकर परत पाठवा. त्या पैशात वस्तीतल्या म्हाताऱ्यांची गाणी उतरवून घ्या, त्या मरायच्या आत. गायकांनो, रियाज करा, खूप करा, पण मंचावर चढताना रियाज खाली चपलांजवळ सोडा. आणि ऐकणाऱ्यांनो, तानेवर टाळी देणं बंद करा. टाळी शब्दाला द्या. बिदागी शब्दाची द्या. तुमच्या हातांनीच हा बाजार भरलाय, तो तुमच्याच हातांनी उठेल.