बारीपाड्याचे जंगल आणि राजकारणाची व्याख्या

१/ जानेवारी २०२५ मध्ये पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या बारीपाडा या आदिवासी गावचे चैत्राम पवार यांना पद्मश्री मिळाली. क्षेत्र म्हणून नोंद झाली ती ‘समाजकार्य’ अशी. सन्मान सर्वथा उचित होता. प्रश्न त्या नोंदीचा आहे. पवारांनी आणि त्यांच्या गावाने जे केले ते राजकारण होते, आणि इतिहासाने त्याची दखल राजकारण म्हणूनच घ्यायला हवी.

२/ ‘पर्यावरणवादी राजकारणी’ म्हटले की अभ्यासकाची नजर युरोपकडे वळते. स्वीडनचेच पाहा. मार्च १९८० मध्ये तेथे अणुऊर्जेवर सार्वमत झाले. त्यानंतरच्या असंतोषातून १९८१ मध्ये हरित पक्ष जन्माला आला. उदारमतवादी पक्षाचे माजी खासदार पेर गार्टन हे त्याच्या संस्थापकांपैकी एक.

३/ १९८८ मध्ये या पक्षाने ५.५ टक्के मते आणि २० जागा मिळवून संसदेत प्रवेश केला. १९९१ मध्ये चार टक्क्यांची किमान अट पूर्ण न झाल्याने तो बाहेर फेकला गेला, १९९४ मध्ये परतला आणि २०१४ मध्ये थेट सत्तेत सहभागी झाला. असा इतिहास लिहिणे तुलनेने सोपे असते. पक्ष, निवडणूक, मंत्रिपद अशी प्रत्येक पायरी कागदावर उमटलेली असते.

४/ साक्रीच्या पश्चिमेकडील डोंगरांत राजकारणाची वाट निराळी होती. १८७८ च्या वन कायद्याने जंगलांची राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी केली. जळण, चराई, मोहाची फुले हे जे पिढ्यान्‌पिढ्यांचे वहिवाटीचे हक्क होते, त्यांची सरकारी सवलत झाली. पुष्कळदा तर गुन्हा झाला. १९२७ च्या कायद्याने हीच चौकट पक्की केली.

५/ १९३० मध्ये पुसद आणि चिरनेर येथील जंगल सत्याग्रहांनी या चौकटीला आव्हान दिले. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, कायदा तोच राहिला. म्हणूनच पुढे कॉ. शरद पाटील यांनी १९७८ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक कम्युनिस्ट पक्षाने धुळे जिल्ह्यातील आदिवासींच्या वनजमिनीच्या हक्काचा लढा उभारला. बारीपाड्याचा विचार या पार्श्वभूमीवरच करावा लागतो.

६/ १९९० च्या दशकाच्या आरंभी बारीपाड्याभोवतीचे डोंगर उजाड झाले होते आणि पाण्याची टंचाई गावाच्या पाचवीला पुजली होती. वाणिज्य शाखेतील पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलेले पवार नोकरीच्या मागे न जाता गावातच राहिले. त्यांना साथ मिळाली ती संघपरिवाराशी संलग्न असलेल्या वनवासी कल्याण आश्रमाची. केंद्र सरकारनेही १९९० मध्ये संयुक्त वनव्यवस्थापनाचे धोरण स्वीकारले होते. काळ अनुकूल होता. परंतु अनुकूल काळ सगळ्याच गावांच्या वाट्याला आला होता.

७/ बारीपाड्याने त्या काळात केलेली महत्त्वाची गोष्ट म्हणजे नियम. गावाने एकत्र बसून वृक्षतोडीला बंदी घातली, नियम मोडणाऱ्याला दंड ठरवला आणि जंगलावर गावचेच राखणदार नेमले. एका छोट्या पाड्याने स्वतःसाठी कायदा केला, त्याच्या अंमलबजावणीची व्यवस्था लावली आणि शिक्षाही निश्चित केली. हेच काम एखाद्या विधिमंडळाने केले असते तर त्याला ‘राजकारण’ म्हणताना कोणी क्षणभरही अडखळले नसते.

८/ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये असे मांडले होते की सर्वांच्या मालकीची खुली साधनसंपत्ती अखेर ओरबाडली जाते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात जगभरची उदाहरणे तपासून दाखवले, की वापरणारे लोक स्वतः नियम करतात, स्वतः पहारा देतात, तेव्हा अशी संपत्ती टिकूही शकते. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. बारीपाड्याने तेच तत्त्व आपल्या डोंगरावर अमलात आणले.

९/ परिणाम डोळ्यांना दिसतो. सुमारे ४०० हेक्टर जंगल राखले गेले. श्रमदानातून दगडी बांध उभे राहिले, विहिरींना पाणी आले, खाचरांत इंद्रायणी भात पिकू लागला. आसपासच्या गावांनीही हा मार्ग धरला. एवढे सांगून बहुतेक लेख थांबतात आणि यशकथा तयार होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र तेथे थांबू नये.

१०/ पहिला आक्षेप असा येईल, की पवार ना आमदार ना खासदार. मग त्यांना राजकारणी कसे म्हणायचे? सामायिक गोष्टींवर कोणाचा अधिकार, कोणते बंधन, कोणाला किती वाटा हे ठरवणे म्हणजे राजकारण. निवडणूक हा त्याचा एक प्रकार झाला. ग्रामसभा हा दुसरा, आणि आदिवासी भागांत कितीतरी जुना.

११/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जंगल बंद झाले तेव्हा त्याची किंमत कोणी मोजली? सरपणाची मोळी बाईच्या डोक्यावर असते. शेळ्या बहुधा भूमिहीनाच्या असतात. एकमताने झालेल्या नियमाचा भारही सर्वांवर सारखा पडत नाही. ‘समाजकार्य’ म्हटले की हा प्रश्न विचारणे अप्रशस्त वाटते. ‘राजकारण’ म्हटले की तो विचारावाच लागतो. शब्द बदलण्याचा आग्रह म्हणूनच आहे.

१२/ बारीपाड्यात २००४ पासून भरणाऱ्या वनभाज्यांच्या पाककृती स्पर्धेकडेही याच दृष्टीने पाहता येते. कोणती भाजी कोणत्या पावसात उगवते, कोणती आधी उकडून पाणी टाकावे लागते, हे ज्ञान प्रामुख्याने बायकांपाशी होते. स्पर्धेने ते चारचौघांत आणले आणि जंगल राखण्याच्या हिशेबात बायकांच्या जाणकारीलाही मोल दिले.

१३/ एकाच जिल्ह्यातील हे दोन प्रवाह परस्परांपासून दूर होते. एकाचा भर हक्कावर, दुसऱ्याचा शिस्तीवर. विचारसरणी तर दोन टोकांच्या. पण २००६ च्या वनहक्क कायद्यात दोन्ही धागे एकत्र दिसतात. कसणाऱ्याला जमिनीचा हक्क, आणि सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला. हक्काविना नियम जुलूम होतो आणि नियमाविना हक्क डोंगर बोडका करतो, हे या जिल्ह्याने दोन्ही बाजूंनी अनुभवले होते.

१४/ स्वीडनशी तुलना केली तर एक फरक ठळक होतो. निवडणूक हरलेला पक्ष तीन वर्षांत संसदेत परतला. नियम तीन पावसाळे ढिला पडला तर तुटलेले जंगल तीन वर्षांत परतत नाही. म्हणून गावाच्या राजकारणात सातत्याला जे महत्त्व आहे ते संसदीय राजकारणात क्वचितच असते. ते एका व्यक्तीच्या थोरवीवर टिकत नाही; पुढच्या पिढीला तो नियम आपला वाटावा लागतो.

१५/ आणि येथेच इतिहासकाराचे काम सुरू होते. स्वीडिश पक्षाचे ठराव अभिलेखागारांत सुरक्षित राहतील. खानदेशातील पाड्यांचे निर्णय मात्र ग्रामसभांच्या वह्यांत, राखणदारांच्या आणि मोळी वाहिलेल्या बायकांच्या आठवणीत आहेत. वह्यांना वाळवी लागते, आणि १९९० च्या दशकातील जाणती माणसे आता म्हातारी झाली आहेत. खानदेशातील तरुण अभ्यासकांनी पुरस्काराच्या बातम्या जपण्यापेक्षा या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. दंड कोणी ठरवला, पहिला दंड कोणी भरला, कोण नाराज झाले आणि तरीही नियम का टिकला, ही उत्तरे हाती आली तरच साक्री तालुक्याचा राजकीय इतिहास पूर्ण होईल.