न समजलेल्या कागदावरची सही

सीमाभागातील मराठी माणसाच्या भाषिक हक्कांची चर्चा निघाली की ती पाटी, शाळा आणि जमिनीचा उतारा या तीन गोष्टींभोवती फिरते. या तिन्हींचे मोल आम्ही जाणतो. परंतु भाषेअभावी माणसाची सर्वांत मोठी हानी जिथे होते, त्या चौथ्या जागेविषयी फारसे कोणी बोलत नाही. ती जागा म्हणजे पोलीस ठाणे.

बांधावरून भांडण झाले, मिरवणुकीत ढकलाढकली झाली किंवा १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत गुन्हा नोंदवला गेला. कारण कोणतेही असो, पुढचा क्रम ठरलेला असतो. फिर्याद कन्नडमध्ये, पंचनामा कन्नडमध्ये, अटकेचे टिपणही कन्नडमध्ये. समोर उभा असतो तो मराठी शाळेत शिकलेला खानापूर किंवा निपाणीकडचा तरुण. त्याला बोटाने जागा दाखवून सही करायला सांगितले जाते. आपल्यावर कोणते कलम लागले, ते जामीनपात्र आहे की नाही, हे त्याला नंतर दुसऱ्या कोणाकडून तरी कळते. २०१४ मध्ये यळ्ळूरच्या फलकावरून लाठीमार झाला, गुन्हे दाखल झाले आणि पाहता पाहता पाटीचा प्रश्न फौजदारी न्यायालयाचा प्रश्न होऊन बसला. तेव्हा तरी हे साऱ्यांच्या ध्यानात यायला हवे होते.

या बाबतीत कायदा मुका नाही. संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटकेची कारणे सांगितलीच पाहिजेत आणि पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिलाच पाहिजे. ‘सांगणे’ म्हणजे समजेल असे सांगणे. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच, हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, स्थानबद्धाला त्याला न समजणाऱ्या इंग्रजीत दिलेली कारणे अपुरी ठरवली. फेब्रुवारी २०२५ च्या विहान कुमार निकालात अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत कळवण्यावर न्यायालयाने भर दिला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती कारणे त्या भाषेत लेखी देण्याचे बंधन स्पष्ट केले. साक्ष आरोपीला न समजणाऱ्या भाषेत होत असेल, तर ती भर न्यायालयात त्याच्या भाषेत सांगितली जावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३१४ सांगते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही ही तरतूद होतीच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : ‘कर्नाटकात राहता, तर कन्नड शिका.’ कन्नड शिकण्याला आमचा विरोध कधीच नव्हता. बाजारापुरते कन्नड इथल्या बहुतेकांना येते. परंतु भाजीचा भाव करण्याइतकी भाषा येणे वेगळे आणि दोषारोपपत्र समजणे वेगळे. वडोदऱ्यातील किंवा हैदराबादेतील मराठी घरांनी स्थानिक भाषा पिढ्यान्‌पिढ्या आपलीशी केली, कारण ती घरे तिथे जाऊन वसली. सीमाभागातील माणूस कोठेही गेला नाही. तो आपल्याच गावात राहिला आणि १९५६ मध्ये कारभाराची भाषा त्याच्या डोक्यावरून बदलली. शिवाय हा हक्क कोणत्या राज्यावर कोणाची मालकी, यावर अवलंबून नाही. उद्या अक्कलकोट किंवा जत तालुक्यातील कन्नड भाषक शेतकऱ्याला मराठी कागदावर सही करायला लावली, तर तोही तितकाच अन्याय ठरेल, आणि त्याला कन्नड कागद मिळावा असे आम्ही याच शब्दांत म्हणू.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे : ‘वकील आहेत ना!’ वकील आहेत, पण ते येईपर्यंत काय? पहिल्या काही तासांत जे कागदावर उतरते, ते पुढे वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही. आणि पैसे नसलेल्याला वकील कोण देणार? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींनाही तो मिळतो. हा हक्क आरोपीने मागितला नाही म्हणून तो जात नाही. त्याची कल्पना आरोपीला देणे हे न्यायालयाचेच कर्तव्य आहे, आणि ते न पाळल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सुक दास प्रकरणातील शिक्षा रद्द केली. परंतु मोफत वकिलाला अशिलाची भाषाच येत नसेल, तर त्याला घटनेची हकीकत कळणार कशी? अशी मदत केवळ नोंदवहीपुरती उरते.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, भालकी, कारवार या भागांतील प्रत्येक ठाण्यात अटकेच्या कारणांचा मराठी नमुना असावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने मराठी जाणणाऱ्या वकिलांची यादी ठाण्याच्या दर्शनी भागी लावावी. न्यायालयात दुभाषी मागितल्यास ती मागणी नोंदवली जावी. यासाठी नवा कायदा नको, आयोग नको. जो कायदा आहे, तो पाळला की पुरे.

महाराष्ट्र शासनालाही आमचे सांगणे आहे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यासाठी ज्येष्ठ वकील दिले जातात, हे योग्यच. परंतु दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. अटकेतील माणसाला मात्र चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहायचे असते. त्याच्या शेजारी मराठी समजणारा वकील उभा करणे, हेही सीमावासीयांच्या पाठीशी उभे राहणेच आहे.

तोवर प्रत्येक घराने एवढे लक्षात ठेवावे. कागद समजला नाही, तर तो मराठीत समजावून द्या, असे स्पष्ट सांगा. सही करावीच लागली, तर तिच्यावर ‘मजकूर मला मराठीत समजावून सांगितलेला नाही’ असे आपल्या हाताने लिहा. पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर सही करण्याचे कायद्याने बंधन नाही. दंडाधिकाऱ्यांपुढे नेल्यावर हे सारे तोंडाने सांगा आणि वकील नसेल तर मागा. विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. तो भ्रमणध्वनीत आजच नोंदवून ठेवा. हा हक्क मागताना आवाज चढवण्याची गरज नाही, पण तो मराठीतच मागा.