वेरूळ : गाडी कोणाला लागते?



‘वेरूळ पाहायचे तर स्वतःची गाडी हवीच’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. छत्रपती संभाजीनगर ते वेरूळ हे अंतर जेमतेम तीस किलोमीटर. कन्नड-चाळीसगावकडे जाणारी एसटी याच वाटेने धावते, शिवाय काळी-पिवळी आहेच. (तिच्यात किती माणसे बसतात, हा प्रश्न चालकाला विचारू नये.)

खरी अडचण पुढे आहे. दौलताबादचा किल्ला, खुलदाबाद, लेणी आणि घृष्णेश्वर हे सगळे एका दिवसात करायचे तर प्रत्येक थांब्यावर पुढच्या गाडीची वाट पाहावी लागते. लेण्यांतही कैलास म्हणजे सोळावे लेणे, तर तीस ते चौतीस ही जैन लेणी त्याच्या उत्तरेला एक किलोमीटरहून दूर. भाड्याची मोटार सोयीची वाटते ती यामुळे.

पण ही सोय पर्यटकाची. गावातून रोज शहरात कॉलेजला किंवा दवाखान्यात जाणाऱ्याने काय करावे? 2021च्या ऑक्टोबरच्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला, तेव्हा खेड्यापाड्यांचे किती अडते ते राज्याने पाहिले. महिलांना मार्च 2023पासून तिकिटात निम्मी सवलत मिळते. मात्र ती घ्यायला बस वेळेवर यावी लागते.

जिल्ह्यातच तोडगा आहे. अजिंठ्याला खासगी गाड्या फर्दापूर फाट्यावर थांबवून पर्यटकांना बसने लेण्यांपर्यंत नेतात. तशी फेरी बस दौलताबाद-खुलदाबाद-वेरूळ मार्गावर का नसावी? दौलताबादच्या जुन्या दरवाजातली कोंडीही त्याने थोडी सुटेल.

— एक वाचक, वेरूळ