भावाची लढाई आणि रात्रीची झोप

ऑक्टोबरची छाटणी झाली की द्राक्षबागायतदाराची झोप उडते. आभाळ भरले की डावणीची धास्ती, फुलोऱ्यात पाऊस आला की कुजीची धास्ती, माल गेला की व्यापारी पैसे देईल की नाही याची धास्ती. कांदेवाल्याची गत निराळी नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर निर्यातबंदी लादली, ती मे २०२४ मध्ये उठवली. मधले पाच महिने लाल कांदेवाल्याने कसे काढले, ते त्याचे त्यालाच ठाऊक.

धास्ती हा मुळात रोग नव्हे. ढग पाहून जो वेळेवर फवारणी करतो, त्याचीच बाग वाचते. पण आभाळ निवळल्यावरही छातीतली धडधड थांबत नाही, रात्र रात्र डोळा लागत नाही, पतपेढीचा माणूस दिसताच पाय आडवाटेला वळतात, आणि हे महिनोन्‌महिने चालते, तेव्हा त्याला आजार म्हणावे. वैद्यकात त्याला चिंताविकार म्हणतात. त्यावर उपचार आहे आणि तो नुसता गोळ्यांचा नाही, बोलण्याचाही आहे.

बोलण्याचा उपचार म्हणजे कोरडा धीर नव्हे. 'यंदा भाव पडला' ही वस्तुस्थिती. 'आता सगळे संपले, गावात तोंड दाखवता येणार नाही' हा आपला विचार. या दोन्ही गोष्टी वेगळ्या करायला समुपदेशक शिकवतो. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांची ही विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. दुसरी गोष्ट टाळाटाळीची. नोटीस न उघडता फळीवर ठेवली की घटकाभर बरे वाटते, पण भीती वाढतच जाते. म्हणून पायरीपायरीने जायचे. आधी कोणाला तरी सोबत घेऊन पाकीट उघडायचे, मग कर्जाचा आकडा कागदावर मांडायचा, मग हप्त्यांविषयी बोलायला जायचे.

हे शहरी चोचले आहेत, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. २०१३ ते २०१५ या काळात पेठ तालुक्यातील ४१ गावांत 'आत्मीयता' हा प्रकल्प चालला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने तो उभा केला. तिथे बाहेरून डॉक्टर आणून बसवले नाहीत. गावातल्याच स्त्री-पुरुषांना शिकवले. त्यांनी त्रासलेल्या माणसाचे ऐकून घेतले, अडचण सोडवायला हात दिला, सरकारी योजना मिळवून दिल्या आणि जास्त आजारी असलेल्यांना दवाखान्याची वाट दाखवली. हेच काम २०१७ पासून गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर झाले.

दुखणे भावाचे असताना इलाज मनावर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. समुपदेशनाने कांद्याला क्विंटलमागे एक रुपयाही वाढत नाही. सरकारी धोरणाचे पाप शेतकऱ्याच्या 'मनाच्या कमजोरी'वर ढकलण्याचा डाव कोणी मांडलाच, तर तो आम्ही चालू देणार नाही. पण डावणी ओल्या हवेने बळावते आणि हवा आपल्या हाती नाही, म्हणून आपण वेल तशीच सोडतो काय? ज्याची झोप उडाली आहे, त्याला ना हिशेब मांडता येतो, ना सभेला येण्याचे बळ राहते. भावाची लढाई लांबची आहे. तोवर माणूस उभा राहिला पाहिजे.

म्हणून या बैठकीपुढे आमचे मागणे साधे आहे. प्रत्येक गावाने ऐकून घेणारी दोन माणसे नेमावीत. त्यात एक बाई हवीच, कारण घरधनिणीची धास्ती कोणी मोजतच नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक सोसायटीच्या फळ्यावर लिहावा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात जाणाऱ्याबरोबर कोणीतरी जावे. फवारणीची औषधे घराबाहेर कुलपात ठेवावीत. आणि जगण्यात राम उरला नाही असे कोणी म्हणाले, तर ते हसण्यावारी न नेता त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.