एका डावात किती गमावता येते?

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर चौघांनी पैसे लावून पोकरचा डाव मांडला, तर १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली पोलीस त्यांना उचलू शकतात. तेच चौघे दोनशेहून थोड्या अधिक किलोमीटरवर, पणजीच्या मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोच्या जहाजावर बसले, तर गोव्याच्या कायद्यातील १९९६ च्या दुरुस्तीमुळे तोच डाव परवान्याचा धंदा ठरतो. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकरला ब्रिज आणि रमीच्या पंगतीत बसवून जुगाराच्या व्याख्येतून वगळले; गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवले. पत्ते तेच, नियम तेच, आणि निकाल मात्र दोन टोकांचे. याचे कारण असे की आपण या खेळाला एकच प्रश्न विचारत आलो आहोत: यात कौशल्य जास्त की नशीब? हा प्रश्न अपुरा आहे, असे माझे ठाम मत आहे. खेळणाऱ्याचे एका डावात जास्तीत जास्त किती जाऊ शकते, हे कायद्याने आधी विचारायला हवे. लिमिट होल्डेम या प्रकारात अर्धवट पण जोरकस पाने कशी खेळली जातात, ते पाहिले की हे म्हणणे पटावे.

होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी उघडली जातात; आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. समजा हातात बदामाचा गुलाम आणि बदामाची दश्शी आहे, आणि उघडलेली तीन पाने आहेत बदाम नव्वी, किलवर अठ्ठी, बदाम दुर्री. या घडीला हातात साधी जोडीही नाही. पण आणखी एक बदाम आले की कलर होतो, आणि कोणतीही राणी किंवा सत्ती आली की सिक्वेन्स लागतो. न दिसलेल्या ४७ पानांपैकी १५ कामाची आहेत आणि दोन पाने अजून उघडायची आहेत. त्यांत एक तरी कामाचे येण्याची शक्यता ५४ टक्के. म्हणजे काहीच हातात नसलेला खेळाडू जोडी घेऊन बसलेल्याच्या पुढे असतो! नुसत्या कलरची आशा असेल तर कामाची पाने नऊ आणि शक्यता ३५ टक्के.

लिमिट प्रकारात बोली ठरलेली असते. दहा-वीसच्या टेबलावर पहिल्या दोन फेऱ्यांत बोली दहा रुपयांची, पुढच्या दोन फेऱ्यांत वीसची, आणि एका फेरीत सहसा एक बोली व तीन वाढी. कलरची आशा असलेल्या खेळाडूसमोर तिघे असतील, तर तीन पाने उघडल्यावर वाढणाऱ्या प्रत्येक रकमेत त्याचा वाटा चौथा हिस्सा असतो, आणि डाव लागण्याची शक्यता तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. तेव्हा त्याने बोली वाढवावी. चौथे पान वाया गेले की हिशेब फिरतो. आता ४६ पैकी नऊ, म्हणजे वीस टक्क्यांहून किंचित कमी. वाढवणे तोट्याचे, पण मध्ये ८२ रुपयांहून जास्त साठले असतील तर वीस भरून शेवटचे पान पाहणे योग्यच, आणि चौघांच्या डावात तेवढे बहुधा साठलेले असतात. पाने तीच, आशा तीच. एका पानाच्या अंतराने शहाणपण बदलते. यात कौशल्य नाही असे कोण म्हणेल? आणि तरीही शेवटचे पान पाचातून चार वेळा दगा देणारच. कौशल्य आणि नशीब इथे एकाच क्षणात इतके मिसळलेले असतात की वजनकाट्यावर वेगळे काढता येत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटले आणि तीन पत्तीला निव्वळ नशिबाचा. रमीपुरता तो निकाल समंजस होता, पण त्याच मापाने पोकर मोजताना उच्च न्यायालयांची मते दुभंगली. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दोघांचा लिमिट होल्डेम संगणकाकडून जवळपास पूर्ण सोडवून घेतला. माणूस जन्मभर खेळला तरी त्या प्रोग्रामची चूक सिद्ध करू शकणार नाही, इतका. यापेक्षा कौशल्याचा मोठा पुरावा कोणता हवा? पण तोच प्रोग्राम पुढचा एखादा डाव खुशाल हरू शकतो.

आता मर्यादा काढून टाका. चौथ्या पानानंतर मध्ये शंभर रुपये असताना प्रतिस्पर्धी एकदम पाचशे लावू शकतो. तेवढे भरणे परवडायला ४५ टक्के शक्यता हवी, आणि कलरच्या आशेवर असलेल्याकडे वीसच आहे. त्याला माघार घ्यावी लागते, नाहीतर तो आशेपोटी सगळे घालवतो. दहा-वीसच्या लिमिट टेबलावर एका डावातले सर्वाधिक नुकसान २४० रुपये, आणि ते बसण्याआधीच माहीत असते. मोबाइलवर फोफावलेल्या पोकरमध्ये बोलबाला होता तो नो-लिमिटचा. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवला, ते योग्य केले. पण त्याच फटक्यात मर्यादित आणि अमर्याद यांतला भेदही पुसला गेला, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो.

मर्यादित बोलीनेही घरे बुडतात, कारण व्यसनी माणूस रात्रभर शेकडो डाव खेळतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच डावाची मर्यादा एकटी पुरणार नाही. दिवसाच्या नुकसानाचीही हवी. शिवाय चालक प्रत्येक डावातून आपला हिस्सा कापतो, आणि वर सांगितलेला ३५ विरुद्ध २५ चा फायदा त्यात झिजत जातो. पैसे लावणाऱ्याला हा हिस्सा आधीच आकड्यांत दिसला पाहिजे. असे गणित शिकवणे म्हणजे जुगाराला उत्तेजन, असेही कोणी म्हणेल. मात्र फसतो तो बहुधा हे गणित न येणारा: आता तरी येईल या भरवशावर वीस टक्क्यांच्या पानाला पन्नास टक्क्यांची किंमत मोजणारा. राज्याच्या १८८७ च्या कायद्यातील कलम १३ केवळ कौशल्याच्या खेळांना सूट देते. त्या कलमाऐवजी विधिमंडळाने डावाची कमाल रक्कम, दिवसाची कमाल रक्कम आणि चालकाचा कमाल हिस्सा असे तीन आकडे लिहावेत, आणि त्यांच्या आत बसेल तो खेळ पुळणीवरही चालू द्यावा.